चढणीचा कॅमशाफ्ट

लग्नाला दुसरं वर्ष संपत आलं होतं, तरी सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण असं कधी झालंच नाही. मी समोर असले तरी ते पलीकडच्या कुणाला तरी म्हणायचे, "तिला सांग, पानी दे." मी पाणी द्यायची, ते घ्यायचे, आणि तांब्या परत देताना माझ्याऐवजी भिंतीकडे बघायचे.

मी पुण्याची, परजातीची. नवरा गव्हाणच्या मिठागरवाल्या घरातला. तळोज्याच्या एका कारखान्यात आम्ही भेटलो. तो प्लांटवर होता, मी तपासणी विभागात. शाफ्ट, गिअर, बेअरिंग मोजायचे आणि पास-नापास ठरवायचं, हे माझं काम. लग्न नोंदणी पद्धतीनं केलं. सासरच्या माणसांपैकी एकटा धाकटा दीर आला होता, साक्षीदार म्हणून सही करायला. सही करून झाल्यावर तो मला म्हणाला, "वयनी, आबाचं मनावर घेऊ नको. तो दगड हाय." मग आम्हा दोघांना पनवेलच्या स्टँडसमोर त्यानं मिसळ खाऊ घातली. तेवढंच आमचं लग्नाचं जेवण. त्या घरात माझं म्हणावं असं माणूस तोच.

आम्ही नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. आबा, म्हणजे सासरे, तिथे कधी आले नव्हते.

त्यांच्याकडे एक जुनी जीप होती, लष्कराच्या लिलावातली. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पुढची-मागची चारही चाकं ओढणारी. मिठागराच्या बांधावर मुरूम आणि दगड वाहायला तीच लागायची. पावसाळा संपला की बांधांची डागडुजी सुरू होते, आणि ती दिवाळीआधी उरकली नाही तर पुढचं सगळं बिघडतं. त्या वर्षी नेमकी तेव्हाच जीप बिघडली. आधी कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज यायला लागला. मग एके दिवशी दगडांची ट्रॉली ओढत बांधाची चढण चढताना इंजिन मधेच बंद पडलं आणि जीप ट्रॉलीसकट मागे सुटली. ब्रेक लावले, तर चाकं चिखलावरून घसरत गेली. मागे चालणारा कामकरी कडेच्या पाण्यात उडी टाकून वाचला.

दिरानं इंजिन उघडून पाहिलं. कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा घासून गुळगुळीत झाला होता. हा शाफ्ट इंजिनाच्या पोटात फिरतो आणि त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. इंजिनानं श्वास कधी घ्यायचा आणि किती वेळ घ्यायचा, हे तो ठरवतो. एक उंचवटा गेला म्हणजे एक सिलिंडर अर्धमेला झाला. नवा शाफ्ट टाकण्यावाचून इलाज नव्हता, आणि कंपनीचा शाफ्ट कुठेच मिळेना.

एका शनिवारी दुपारी खालून हॉर्न ऐकू आला म्हणून मी गॅलरीत आले. आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत एक टेम्पो उभा होता आणि त्याच्यामागे दोरानं बांधलेली जीप. जीपच्या स्टिअरिंगवर आबा बसले होते.

मी धावतच खाली गेले. नवरा त्या महिन्यात कंपनीच्या कामासाठी गुजरातेत होता, त्यामुळे सगळं मलाच निस्तरायचं होतं. दिरानं टेम्पोतून गोणपाटात गुंडाळलेल्या दोन लांब वस्तू काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या.

"दोन शाफ्ट हायेत, वयनी. कंचा टाकायचा ते तू सांग."

"मी?"

"आबाच बोलला."

मी आबांकडे पाहिलं. ते जीपमधून उतरून कंपाउंडच्या कट्ट्यावर बसले होते, पाठ माझ्याकडे. दिरालाच उद्देशून, पण मला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "आपल्या दोघांचं जमत नाय. ती आपल्यातली कोनाचीच नाय. ती खरं सांगल."

ते वाक्य मला लागलंही आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

दिरानं बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दिवाळीनंतर खोपोलीकडच्या एका जुन्या खाणीत जीपगाड्यांची शर्यत होती. मुंबईच्या काही हौशी मंडळींनी ठरवलेली. त्यानं नाव दिलं होतं. पहिला शाफ्ट मुंबईच्या एका शर्यतवाल्या मित्राकडून आणलेला, मुद्दाम शर्यतीसाठी घासून बनवलेला. दुसरा पुण्याच्या एका छोट्या कारखान्यातला. घाटातल्या, ओझ्याच्या जीपगाड्यांसाठी ते लोक असे शाफ्ट बनवायचे. तो आबांच्या सांगण्यावरून आणला होता.

"एवढं एक करू दे, वयनी. जन्मभर मी बांधावरच जीप चालवली. एक डाव मना मोकळी पळवू दे." त्यानं माझा दंड धरला. "तू सांगितलंस तर तो ऐकंल. नायतर कवाच ऐकनार नाय."

मी दंड सोडवून घेतला. एकाच्या बाजूनं बोलले असते तर आबा कायमचे गेले असते. दुसऱ्याच्या बाजूनं बोलले असते तर ज्यानं एकट्यानं माझ्या लग्नाच्या कागदावर सही केली तो गेला असता. मला क्षणभर वाटलं, नवरा परत येईपर्यंत थांबा म्हणावं. पण बांध थांबणार नव्हता.

वरून माझी अवजारं आणली. पाटावर दोन व्ही-ब्लॉक, म्हणजे खाचेचे ठोकळे, ठेवले, त्यावर शाफ्ट आडवा टाकला आणि उंचवट्यावर डायल गेजची सुई टेकवून तो हळूहळू फिरवायला लागले. शाफ्टच्या टोकाला कागदाचा एक मोठा कोनमापक चिकटवला होता. व्हॉल्व्ह किती उघडेल ते सुई सांगते, आणि किती वेळ उघडा राहील ते कोनमापक. दीर माझ्या डोक्याशी वाकून उभा. आबा कट्ट्यावर, पण आता अर्धे वळलेले.

मी मनातून काय शोधत होते, ते मला चांगलं आठवतं. शर्यतीच्या शाफ्टमध्ये खोट निघावी. वाकलेला असावा, एखाद्या उंचवट्यावर खड्डा असावा. मग कोणाची बाजू घ्यायलाच नको. "हा नापास" एवढं म्हटलं की सुटले. पण तो शाफ्ट इतका सुरेख होता की मी तो दुसऱ्यांदा मोजला. सुई कुठे थरथरत नव्हती. कोणीतरी जीव ओतून तो घासला होता. पुण्याच्या शाफ्टचं काम त्या मानानं साधं होतं. एका टोकाला तर थोडं पॉलिश करून घ्यावं लागणार होतं.

"काय वाटतं?" दिरानं विचारलं. त्यालाही कळलं होतं.

"भावजी, हा फार चांगला बनवलाय."

"मंग!"

मी आबांकडे वळले. "बांध चढताना गाडी कुठल्या गिअरमध्ये असते?"

आबा दिराला म्हणाले, "तिला सांग, पयल्या गिअरात. चारी चाकांचा खालचा लिवर टाकून."

"आणि रेस किती देता?"

"तिला सांग, रेस नाय देत. रेस दिली तर चाक फिरतं, बांध उकरतं."

माझ्या हातात अजून शाफ्ट होता, तेल लागलेला. कसं कोण जाणे, मी म्हणाले, "आबा, मला सांगा. मी इथेच आहे."

दिरानं आबांकडे पाहिलं. आबांच्या मानेवरची शीर दिसत होती. आता उठून टेम्पोत बसतील, असं मला वाटलं. पण ते माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "गाडी नुसती रांगत गेली पायजे. बंद पडली तर मागं मानूस असतो."

त्यानंतर विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शर्यतीचा शाफ्ट व्हॉल्व्ह फार वेळ उघडा ठेवत होता. इंजिन जोरात फिरत असेल तेव्हा ते वरदान, कारण तेव्हा श्वास घ्यायला वेळच कमी असतो. पण हळू फिरताना तेच उलटं होतं. आत आलेली हवा व्हॉल्व्ह मिटायच्या आत परत पळते, इंजिन गचके खातं, आणि ओझं घेऊन रांगताना कधी मान टाकेल सांगता येत नाही. पुण्याचा शाफ्ट व्हॉल्व्ह जरा जास्त उघडायचा, पण वेळेवर मिटवायचा. तो पळणार नव्हता, पण ओढणार होता.

हे सगळं मी दोघांना सांगितलं. मग म्हणाले, "या जीपसाठी पुण्याचा."

दीर शांतपणे म्हणाला, "दोन महिन्यांसाठी टाकू. शर्यत झाली की बदलू."

"त्याच दिवसांत बांधाचं काम आहे, भावजी."

"तू पन त्याचीच झालीस."

"मी शाफ्टचं बोलतेय."

"शाफ्टचंच बोलताय तुमी." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला तुमी म्हटलं. मुंबईचा शाफ्ट त्यानं गोणपाटात गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि टेम्पोवाल्याला न सांगताच चालत स्टेशनच्या रस्त्याला लागला. मी हाक मारली, पण तो वळला नाही.

टेम्पोही गेला. मागे राहिले आम्ही दोघं आणि उघडी जीप.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बसनं परत आले. दीर येणार नव्हता, हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी शर्ट काढून दांडीवर टाकला, रेडिएटर सोडवला, पुढची जाळी उतरवली. कामात ते फार तयार होते. पण बोलणं नाही. पाना हवा असला की हात पुढे करायचे, मी ओळखून तो द्यायची. चुकीचा दिला तर हात तसाच पुढे राहायचा. जेवायला वर चला म्हटलं, तर मान हलवली. मी ताट खाली आणलं. ते त्यांनी जीपच्या सावलीत बसून संपवलं.

शाफ्ट पुढून बाहेर ओढायचा, तर त्याच्यावर बसलेले आठही टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारे दट्टे, वर उचलून धरावे लागतात, नाहीतर ते अडतात. धरायचे कसे? मी वर जाऊन कपड्यांचे लाकडी चिमटे आणले आणि एकेका टॅपेटला वर उचलून चिमटा लावायला लागले. आबा वाकून बघत राहिले. सहा चिमटे लागले आणि माझ्याकडचे संपले.

"अजून दोन आन," आबा म्हणाले.

मला म्हणाले. मधे दुसरं कुणीच नव्हतं.

शेजारणीच्या दोरीवरचे दोन चिमटे न विचारता काढून मी आणले. मग जुना शाफ्ट सरकत बाहेर आला. घासलेला उंचवटा आबांनी अंगठ्यानं चाचपला आणि शाफ्ट बाजूला ठेवला. नवा आत गेला. गिअरवरच्या खुणा मी जुळवल्या, त्यांनी टॉर्च धरला. "बघ परत," ते म्हणाले. मी परत पाहिल्या. खुणा एक दात चुकल्या असत्या तर सगळंच गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू करायचं होतं आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती होती. नवा कॅमशाफ्ट बसवला की पहिली काही मिनिटं इंजिन हळू चालवायचं नसतं. रेस वर धरून ठेवायची, वीसेक मिनिटं, म्हणजे तेल उडून उंचवट्यांवर पडतं आणि नवे पृष्ठभाग एकमेकांना बसतात. मंद ठेवलं तर नवा शाफ्ट तिथेच घासून मरतो. मी हे आबांना आधी सांगितलं होतं. पण आयुष्यभर ते गार इंजिन अलगद गरम करत आले होते.

आबांनी किल्ली फिरवली, इंजिन दुसऱ्या फेरीत सुरू झालं. मी बॉनेटपाशी उभी राहून कार्ब्युरेटरचा दांडा हातानं वर धरला. आवाज इतका मोठा झाला की इमारतीच्या खिडक्या उघडल्या. निळा धूर निघाला. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ ओरडायला लागले, "अहो, बंद करा ते! माणसं राहतात इथे!" रेडिएटरमधून वाफ यायला लागली, आणि आबांचा हात किल्लीकडे गेला.

"बंद करू नका!" मी ओरडले.

"फुटंल ते!"

"नाही फुटणार! तेलाचा काटा बघा! आबा, हात काढा!"

मी सासऱ्यांवर ओरडत होते, अख्ख्या सोसायटीसमोर, हात काळे आणि केस सुटलेले. त्यांनी हात काढला. मग बादली उचलली, नळावर गेले, ओलं पोतं आणून रेडिएटरवर टाकलं, पुन्हा गेले, पुन्हा आणलं. तिसऱ्या मजल्याकडे बघून त्यांनी एकदाच आवाज दिला, "गाडी आजारी हाय! थांबा जरा!" आणि ते गृहस्थ खरंच आत गेले.

शेवटी मी दांडा हळूहळू सोडला. इंजिनाचा आवाज खाली आला, त्यानं एक गचका खाल्ला आणि मग ते असं चालायला लागलं की एकेक ठोका वेगळा ऐकू येत होता. आबांनी बॉनेटवर तळहात ठेवला. त्यांच्या बोटांना वाफेनं भाजलं होतं. मी म्हणाले, "वर चला, हाताला काहीतरी लावते." ते आले. आमच्या घरातल्या खुर्चीवर हात पुढे करून बसले, औषध लावून घेतलं, चहा प्यायले आणि जीप घेऊन गेले.

अमावस्येच्या उधाणाला बांधाला खांड पडणार, म्हणजे तो फुटणार, अशी गावात चर्चा होतीच. त्या दिवशी सकाळी आबांनी गावातल्या एकाला मोटारसायकलवर पाठवून मला बोलावलं, कार्ब्युरेटर थोडा नीट करायचा होता म्हणून. मी पोहोचले तेव्हा बांधावर अर्धं गाव होतं. भरती दुपारची होती. खाडीचं पाणी चढत होतं आणि बांधाच्या एका ठिकाणाहून आत पाझरत होतं. दीरही होता तिथे, पोती भरत. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

कार्ब्युरेटरचा एक स्क्रू मी नीट केला आणि जीपच्या फेऱ्या सुरू झाल्या. दगड भरलेली ट्रॉली मागे, आबा स्टिअरिंगवर, पहिला गिअर, खालचा लिव्हर. जीप चढण चढायची, दगड ओतायचे, परत खाली. मी बाजूनं चालत आवाज ऐकत होते. जीप रांगत होती, आबांना हवी होती तशी.

पाणी बांधाच्या माथ्याला लागायला थोडं उरलं होतं, तेव्हा शेवटची ट्रॉली निघाली. चढणीच्या मध्यावर बांधाची खाडीकडची कड ढासळली आणि ट्रॉलीचं एक चाक खाली बसलं. ट्रॉली कलली आणि जीपला मागे खेचायला लागली. दोघा-तिघांनी धावत जाऊन ट्रॉलीला खांदे लावले. दीर सगळ्यात खाली गेला, बसलेल्या चाकाच्या मागे, गुडघाभर चिखलात, आणि त्यानं ट्रॉलीच्या कडेखाली खांदा घातला.

इंजिन आता बंद पडलं असतं, तर सगळं ओझं त्याच्यावर आलं असतं.

"भावजी, बाजूला व्हा!"

तो बाजूला झाला नाही. मी आबांच्या दाराशी धावले. ते आरशात मुलाला बघत होते आणि त्यांचा पाय रेसवर दाबला जात होता. चाकं फिरायला लागली, चिखल उडाला.

"आबा, रेस सोडा. सोडा. ती ओढेल."

"बंद पडंल."

"नाही पडणार. मी सांगते."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. मी मोजलं होतं, पाटावर, कोरड्या जागी, सुईनं. इथे माझा दीर ट्रॉलीखाली होता. आबांनी पाय सैल केला. ठोके खाली आले, आणखी खाली आले. एकदा तर दोन ठोक्यांच्या मधे इतकी जागा पडली की इंजिन गेलंच असं वाटलं. पुढचा ठोका आला. चाकांनी चिखल फेकणं सोडलं आणि पकड घेतली. जीप वीतभर पुढे सरकली. "लावा खांदा!" मागून दीर ओरडला. आणखी वीतभर. मग ट्रॉलीचं चाक कडेवर आलं आणि सगळं धूड वर गेलं.

दीर चिखलात बसकण मारून राहिला. त्याच्या खांद्याचं सालपट निघालं होतं. आबा इंजिन चालूच ठेवून खाली उतरले, त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला.

बांध पुरता वाचला नाही. पलीकडे दुसऱ्या जागी पाणी शिरलंच आणि मिठाचे काही वाफे त्या हंगामाला गेले. पण मोठी खांड पडली नाही.

दिराचा राग त्या एका दुपारनं गेला नाही. मला तसं वाटलं होतं, पण दिवाळीतही तो "तुमी फराळ घ्या" असंच म्हणाला. शर्यतीला तो गेला, मित्राच्या जीपमध्ये शेजारी बसून. आपला शाफ्ट त्यानं त्या जीपमध्ये टाकला होता. नंतर एकदा पनवेल स्टँडवर मला भेटला आणि भर गर्दीत सांगायला लागला, "दुसरे आलो. काय पळते गाडी! पन सिग्नलला उभी केली का थरथरून बंद. शाफ्ट मस्त हाय, वयनी."

"मला माहीत आहे. मी मोजलाय."

तो हसला. त्याला अजून पटलं नव्हतं, एवढं मला दिसलं. पण पुढच्या वर्षी त्यानं पनवेलजवळ विचुंब्याला पत्र्याची शेड घालून गॅरेज काढलं, आणि इंजिन उघडलं की मला निरोप यायचा. आम्ही तिथे खूप भांडलो, बहुतेक वेळा व्हॉल्व्हवरून.

आबा माझ्याशी घरातलं काही बोलले नाहीत. तब्येत विचारली नाही, माझ्या माहेरचं विचारलं नाही. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात आले, तिला पाहिलं, आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसून म्हणाले, "गार असताना टॅपेटचा आवाज येतोय. गॅप वाढली असंल का?" नर्स हसत होती. मी उशीला टेकून त्यांना सांगत राहिले, कुठून आवाज येतो ते आधी ऐका, मग पाना लावा.